शेंग्याची जागा

बहारीनमध्ये, मुहर्रकच्या जुन्या वस्तीत, जिथे विमानं डोक्यावरूनच उतरतात, तिथे अंजना गवईने बारा वर्षं संसार केला. नवरा अनिरुद्ध एसी प्लांटवर टेक्निशियन, मुलगी श्रावस्ती इंग्रजी शाळेत. अंजनाचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेला, म्हणजे कागदोपत्री तिला काहीच काम नव्हतं. प्रत्यक्षात तिथल्या कितीतरी कुत्र्यांचा जीव तिच्या फोनमध्ये अडकलेला असायचा.

इथे नोकरी संपली की माणसं सोफा विकतात, गाडी विकतात आणि कुत्रं गल्लीत सोडून विमानतळावर जातात. वर तोंड करून म्हणतात, घेईल कोणीतरी. हे कोणीतरी म्हणजे चार शेल्टर, आणि तीही भरलेली. पिंजरे संपले की डॉक्टर बोलवायचा आणि कायमचं झोपवणारी सुई द्यायची. संताप येतो तो याचा, की तुबलीच्या शेल्टरात जागा नाही म्हणून सुई दिली जायची तेव्हा बुदैयाच्या शेल्टरात मात्र दोन पिंजरे रिकामे पडलेले असायचे. दोन्हीकडे भली माणसं, पण एकमेकांना फोन करतील तर शपथ.

अंजनाने त्यांना बोलतं केलं. तुबलीचा अहमद, बुदैयाची मेहरीन, समुद्रावरच्या पुलापलीकडे सौदीतली एक संस्था, सगळ्यांना तिने एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये कोंबलं. दर बुधवारी प्रत्येकाने रिकामी जागा सांगायची आणि कोणी कुठे जायचं ते अंजना ठरवणार. ती कुठल्याच शेल्टरची नव्हती, त्यामुळे तिचा निवाडा सगळ्यांना चालायचा. नियमही तिचाच: ज्याला घर लवकर मिळेल त्याला जागा आधी, म्हातारं आणि आजारी शेवटी. तरणं कुत्रं महिन्याभरात कोणाच्या तरी घरी जातं आणि पिंजरा पुन्हा मोकळा होतो. आणि आपल्या लाडक्याला कोणीही मध्ये घुसवायचं नाही.

एकदा मेहरीन एका म्हाताऱ्या आंधळ्या कुत्रीसाठी फोनवर हमसून हमसून रडली. अंजनाने सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. पुढे कितीतरी दिवस मेहरीन तिच्याशी कामापुरतं बोलत होती. पण सुया कमी झाल्या, निम्म्याहून कमी. त्या नियमाला कठोर म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

अंजनाच्या घरी एकच कुत्रा होता. शेजारचं कुटुंब देश सोडून गेलं आणि हा त्यांच्या बंद दारापुढे बसून राहिला. श्रावस्ती त्याला पीनट म्हणे, अंजना शेंग्या. आता तो म्हातारा झाला होता, हृदय कमजोर, रात्रभर खोकायचा. अंजना स्वयंपाकघरात गेली की हा मागे, न्हाणीत गेली की दारात आडवा.

जून महिन्यात अनिरुद्धची कंपनी गुंडाळली गेली. व्हिसा रद्द, तिघांनी अकोल्याला परतायचं. उन्हाच्या तडाख्यात विमानं कुत्री घेत नाहीत, आणि घेतली तरी हा वाटेतच जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अंजनाने ओळखीची सगळी घरं पालथी घातली. लोकांनी चहा पाजला, शेंग्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान हलवली.

"एवढ्यांले जागा देल्ली तू," अनिरुद्ध म्हणाला. "एक त्याले दे ना."

"नियम माह्याच आहे तो."

"मंग काय करतं? सुई?"

"Mumma, you can't," श्रावस्ती म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

शेवटचा बुधवार आला. साऱ्या बेटावर एकच पिंजरा रिकामा होता, मेहरीनकडे. पुलापलीकडेही जागा नव्हती. तो पिंजरा लूलूचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लूलू म्हणजे तुबलीच्या गॅरेजांमध्ये सापडलेली पिवळी कुत्री, जेमतेम वर्षाची, एक कान फाटलेला. अहमदने तिला अंगावरचं काळं ऑइल धुऊन काढल्यावर हे नाव दिलं होतं; अरबीत लूलू म्हणजे मोती. गुरुवारी तुबलीत डॉक्टर यायचा होता.

अंजना फोन घेऊन जमिनीवर बसली. शेंग्याने तिच्या पावलावर हनुवटी टेकली. तिने लूलू लिहिलं, पुसलं आणि लिहिलं: बुदैया, शेंग्या.

ती वाट पाहत बसली. कोणीतरी भांडावं, निदान विचारावं, असं तिला मनापासून वाटत होतं. आपल्याच शब्दांनी कोणी आपल्याला झापलं असतं तर तिने ते नाव मागे घेतलं असतं. पण कोणी ब्र काढला नाही. अहमदने लाल बदाम पाठवला. मेहरीनने लिहिलं, "फिक्र मत करो, मेरे पास सोएगा." तिला आपली आंधळी कुत्री आठवली असेलच. तरी तिने एवढंच लिहिलं.

निघायच्या दिवशी अहमद विमानतळावर खजूर घेऊन आला. अंजनाने विचारलं, "लूलू?"

"खलास, सिस्टर," तो म्हणाला आणि तिची बॅग उचलून पुढे चालू लागला.

अकोल्यात मेहरीनचे फोटो येत राहिले. शेंग्या फाटकाकडे तोंड करून बसलेला. शेंग्यापुढे भरलेली थाळी. मेहरीन मांडीवर घेऊन त्याला हाताने दहीभात भरवतेय आणि हा तोंड फिरवतोय. एका म्हाताऱ्या कुत्रीला जागा मिळाली नाही म्हणून रडलेली ही बाई अंजनाच्या म्हाताऱ्यासाठी जमिनीवर झोपत होती. अंजना ते फोटो श्रावस्तीला दाखवत नसे.

महिनाही भरला नाही. एका बुधवारी दुपारी अंजना सासूबाईंसोबत तूर निवडत होती आणि मेहरीनचा निरोप आला. शेंग्या सकाळी झोपेतच गेला, त्रास झाला नाही. खाली आणखी एक ओळ होती. ग्रुप अजून अंजनाच्याच शब्दावर चालत होता.

"जगह खाली है, अंजना. किसको भेजें?"

अंजनाने ताट बाजूला सारलं. बोटाने सवयीने लिहून टाकलं: तुबली, लूलू. मग तिने ते पुसलं, आणि डोळ्यांपुढचं नीट दिसेना तरी पुढचं नाव शोधायला लागली.