पहिल्या नंबरचं पान

मी केजमध्ये घरी बसून लोकांची दुकानं मोबाइलवर शोधणाऱ्याला सगळ्यात वर दिसतील असं करते. वडिलांना हे काम अजून पटलेलं नाही. "तू काय बनवत न्हाईस, इकत न्हाईस, मग लोकं तुला कावून पैसे देत्यात?" असं ते चारचौघांत विचारतात. चांगला कारागीर गल्लीच्या आत बसला असेल तर गिऱ्हाईक त्याच्यापर्यंत पोचवणं हेही कामच आहे, असं मी सांगते. ते पेपर उघडतात. मला लई राग येतो.

त्यांना गप्प करायचं म्हणून गल्लीतल्या चाचांच्या दुकानाचं इंटरनेटवरचं पान फुकट करून दिलं. चाचा विहिरीवरच्या मोटारी भरतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतात. मोटार खोलून बघितल्याशिवाय ते कुणाला काही कबूल करत नाहीत. पण असलं लिहून वर कोण येतं? इतरांनी लिहिलं होतं तेच मीही ठोकून दिलं: सर्व प्रकारच्या मोटारी, त्याच दिवशी दुरुस्त. महिन्याभरात पान पहिल्या नंबरला आलं आणि मी हवेत.

एका सकाळी तेलगावकडची एक बाई बोअरची मोटार टेम्पोत टाकून आली. तिचा ऊस वाळत होता, तरी वाटेतली दोन दुकानं सोडून ती इथं आली होती. चाचा बोअरच्या मोटारी करतच नाहीत. बाईनं मोबाइल पुढं धरला तसं त्यांनी मला हाक मारली.

"चाचा, हे मी लिहिलंय. तुमचा काय संबंध? मी सांगते त्यांना."

"माझ्या नावानं लिवलंय ना बेटा? मग ती माझीच जबान झाली."

त्यांनी शटर ओढलं आणि टेम्पोत बसले. मीही बसले. बाजारातल्या एका मिस्त्रीशी त्यांची कैक वर्षं बोलचाल बंद होती. बोअरचं काम तोच करायचा. चाचा थेट त्याच्या दारात गेले. "आजच्या आज करून दे. मी जबान दिलीय." मिस्त्रीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी बाई मोटार घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी सांगितलं तसं मी लिहिलं. मोटार खोलल्यावरच दिवस सांगू. बोअरची मोटार इथं होत नाही, त्यासाठी बाजारातल्या मिस्त्रीकडं जा. पान घसरणार हे मला दिसत होतं. तरी सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पाच वर्षं मी हे काम करतेय. ज्याच्याबद्दल लिहिलं त्यालाच ते वाचून दाखवावं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.