खरी चूक, खोटी चूक

देवणीहून लातूरला जाणाऱ्या एस्टीत शिवगंगाबाई दर मंगळवारी आणि शनिवारी डावीकडची खिडकी धरायच्या. धाकट्या भावाला, गुरुलिंगला, आपल्या उजव्या अंगाला बसवायच्या, म्हणजे त्याचा डावा हात दोघांच्या मधे जपून राहायचा. त्याच हाताच्या शिरेत डायलिसिसच्या सुया जायच्या. गर्दीत धक्का लागून चालत नसे.

गुरुलिंग छत्तीस वर्षांचा. हैदराबादेत कॉम्प्युटरच्या चांगल्या नोकरीला होता. दोन्ही किडन्या गेल्या, मागोमाग नोकरी गेली, आणि तो देवणीला आईजवळ, मल्लम्माजवळ, परत आला. शिवगंगाबाई गावातल्याच शाळेत मराठी शिकवायच्या. नवरा वारल्यापासून त्याही माहेरीच होत्या.

ते सन दोन हजार सोळा. उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली होती, आणि एस्टीत त्याशिवाय बोलणं नव्हतं. "जिल्हा झाला की मोठा दवाखाना आलाच समजा," मागच्या सीटवरचा म्हातारा म्हणायचा. गुरुलिंग हसायचा. "अक्का, जिल्हा हुईस्तोवर थांब म्हणावं माझ्या रक्ताला."

दवाखान्यात चार तास पडून राहायचं. बाकीचे पेशंट झोपत. गुरुलिंग मांडीवर लॅपटॉप घेऊन एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमधल्या चुका शोधायचा. कॉम्प्युटरचा सगळा कारभार पाहणारा तो प्रोग्रॅम. देशोदेशीचे लोक मिळून तो लिहीत, कुणाची मालकी नाही, आणि गुरुलिंगला त्याचा एक पैसा मिळत नव्हता. कोड न चालवता नुसता वाचून संशयाच्या जागा दाखवणारं एक टूल त्याच्याकडे होतं. टूलनं चारशे बारा जागांवर बोट ठेवलं होतं. त्यातल्या बहुतेक खोट्या निघायच्या.

"असलं कसलं तपासणं रे?" शिवगंगाबाईंनी एकदा विचारलं.

"तू न्हाई का पोरांनी वहीत 'आहे'च्या जागी 'हाय' लिहिलं की लाल रेघ मारत? ती चूक असती का?"

त्या दिवसापासून त्यांना त्याचं काम कळू लागलं.

संक्रांतीनंतर त्याची नजर मंदावली. मग लॅपटॉप त्यांच्या मांडीवर आला. त्या इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायच्या, तो डोळे मिटून ऐकायचा. "खोटी," म्हणायचा. "पुढं." त्या ओळीपुढे खूण करायच्या. असं करत एकशे सदतीस जागा झाल्या. त्या एकशे सदतिसाव्या जागेला तो डोळे उघडून म्हणाला, "परत वाच."

त्यांनी परत वाचलं.

"ही खरी हाय अक्का! बघ, काम चालू असताना दुसऱ्यानं आत शिरू नये म्हणून इथं कुलूप लावलंय. काम झालं की काढतंय. पण मधेच मेमरी न्हाई मिळाली तर हे आल्या पावली माघारी फिरतंय, आन कुलूप तसंच ऱ्हातंय. मग मागचं सगळं खोळंबून बसणार."

दोन ओळींची दुरुस्ती होती. त्यानं सांगितली, त्यांनी टाइप केली आणि पाठवली. आठवड्यानं कोडचा तो भाग सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं: दुरुस्ती बरोबर आहे, पण चूक नेमकी कधी घडते ते नीट लिहून पुन्हा पाठवा. गुरुलिंग दिवसभर खुशीत होता. आईच्या हातची भाकरी मागून खाल्ली.

एप्रिलात दुष्काळामुळं लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं. डायलिसिसला पाणी लागतं, तेही गाळून शुद्ध केलेलं, एकेका माणसामागं घागरींवर घागरी. सिस्टर नीलाबाई दारातच म्हणाल्या, "ताई, टँकर पुरंना झालेत. आजपासून चार तासांचे अडीच."

शिवगंगाबाईंनी हात जोडले. नीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळ्यांचेच कमी केलेत हो. कुणाला न्हाई म्हणू?"

गुरुलिंगच्या पायांवर सूज चढू लागली. अडीच तासांत तो चूक कधी घडते त्याच्या खुलाशाची एखादीच ओळ सांगायचा आणि दमायचा. मे महिन्यातल्या एका सकाळी शिवगंगाबाई त्याला अंघोळीला उठवायला गेल्या, तर तो गेलेला होता. पाण्यामुळंच गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. हृदय आधीच थकलं होतं म्हणाले. लिंगायतांच्या रीतीनं अंत्यविधीला जंगमस्वामी आले. गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवून त्याला बसवून माती दिली.

दिवसकार्य झाल्यावर शिवगंगाबाईंनी लॅपटॉप उघडला. त्यानं सांगितलेल्या ओळी वहीत होत्या. उरलेल्या दोन त्यांनी डिक्शनरी घेऊन स्वतः जुळवल्या आणि त्याच्याच नावानं दुरुस्ती पाठवली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. आभारी आहोत, पण हीच दुरुस्ती मागच्या पंधरवड्यात दुसऱ्या एकानं पाठवली, ती घेऊन झाली.

त्यांनी वही मिटली.

"काय आलं गं?" मल्लम्मानं विचारलं.

"गुरूनं काढलेली चूक दुरुस्त झाली अव्वा. पण दुसऱ्याच्या नावानं."

म्हातारी म्हणाली, "गुरू गेला म्हणून कळवलंस का त्या उत्तर धाडणाऱ्या माणसाला?"

"न्हाई. तो कोण, आपण कोण!"

"कळव. गुरूचं लिहिलेलं वाचत होता तो. त्याला कळाया पायजे."

शिवगंगाबाईंनी त्याला चार ओळी लिहिल्या, त्यात गुरुलिंगच्या चारशे बारा जागांच्या यादीचंही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्या माणसाचं लांबलचक उत्तर आलं. फार वाईट वाटलं, असं त्यानं दोनदा लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, गुरुलिंगच्या यादीतल्या बाकीच्या जागांचं काय झालं?

त्यांनी यादी उघडली. एकशे अडतिसाव्या जागेचा कोड दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचला. खरी की खोटी, काही केल्या कळेना. मग त्यांनी ती अख्खी यादी, गुरुलिंगच्या खुणांसकट, पाठवून दिली.