लिहून देणार, लिहून घेणार

केस काळे होते आणि अक्कल कच्ची होती, त्या काळात मी लातूरच्या आमच्या स्वतःच्या घरात भाडेकरू झाले. तेही स्वतःच्या हस्ताक्षरात.

आमच्या पुढच्या दोन खोल्या जळकोटच्या युसूफभाई टेलरना द्यायच्या ठरल्या. पोरगी शबाना हुशार. तिला लातूरच्या शाळेत घालायला ते बिऱ्हाड घेऊन आलेले. भाडेपत्राचा छापील कागद मीच आणला. त्यात नावांसाठी दोन रिकाम्या जागा : 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'.

"वकिलाला विचार एकदा," आमचे हे म्हणाले.

"काय विचारायचंय? मालकीण मी. मी कशाला कुणाला लिहून देऊ? मी तर त्यांच्याकडून लिहून घेणार!" (चौथीत शुद्धलेखनात पहिली आले होते. ती हवा उतरली नव्हती.)

नावं तशीच भरली. अटी कागदावर छापलेल्याच होत्या, त्या वरवर वाचल्या. लिहून घेणाराने भिंतीला खिळा ठोकू नये. पाहुणा दोन दिवसांच्या वर ठेवू नये. लिहून देणाराने सांगताच महिन्याभरात, कुरकुर न करता, घर खाली करावे. 'कुरकुर न करता' ही माझी खास भर.

युसूफभाईंनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. "मावशी, हे जरा उलटं होऊन राहिलं की."

"भाऊ, तुम्ही कापडाचं बघा. कागदाचं मला कळतं."

त्यांनी गपगुमान सही केली.

दोन वर्षं सुखात गेली. मग देगलूरच्या माझ्या बहिणीला वाटलं, लेकाला शिकवणीसाठी लातूरला ठेवावं. आणि मला वाटलं, त्या दोन खोल्यांत ठेवावं. सकाळीच जाऊन सांगितलं, "महिन्याभरात खाली करा."

मशीन थांबली. आत शबानाचं पाठांतरही थांबलं. "मावशी, तीनच महिने. पोरीची दहावी होऊ द्या. ऐन परीक्षेत कुठं हिंडू तिला घेऊन?"

"कागदात लिहिलंय ते लिहिलंय," मी म्हटलं, आणि तोच कागद घेऊन नोटीस लिहायला वकिलाकडे गेले.

वकिलांनी कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, घर देतो तो लिहून देणार. घेतो तो लिहून घेणार. ह्या कागदावर मालक युसूफभाई आहेत."

"म्हणजे?"

"घर तुमचंच हाय, काळजी नको. पण ह्या कागदानं कुणाला काढायचंच झालं, तर तुम्हाला काढावं लागंल. महिन्याभरात." त्यांनी माझ्या अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवलं. "कुरकुर न करता."

परत आले तर युसूफभाई दारातच बटणं लावत बसलेले. मी पदरानं तोंड पुसलं, कागद पाठीमागं धरला. त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि म्हणाले,

"मावशी, बिनघोर राहा. पोरीची दहावी होईस्तोवर मी काय तुम्हाला काढून नाही राहिलो."