तारेपासून हातभर

हायड्राचा बूम अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, तारेपासून हातभर अंतरावर थांबला होता. मी दोन्ही हात वर करून रस्त्याने पळत होते. ऑपरेटर धुडकू नानांनी मला पाहिलं, बूम हळूच खाली घेतला आणि इंजिन बंद केलं. 

हायड्रा म्हणजे चाकांवरची क्रेन आणि बूम म्हणजे तिचा लांब हात. या तारेला प्रत्यक्ष चिकटावंच लागतं असं नाही. फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते. साक्रीच्या पुढे पवनचक्क्यांच्या साइटवर मी सेफ्टी ऑफिसर होते. घडता घडता राहिलेल्या अपघाताला आम्ही निअर मिस म्हणतो. तो रजिस्टरमध्ये लिहायचा, म्हणजे पुढचा खरा अपघात टाळता येतो. मी त्याच दुपारी लिहिला. जागा, वेळ आणि धुडकू नानांचं पूर्ण नाव.

दुसऱ्या दिवशी नाना कामावर नव्हते. मी प्रोजेक्ट मॅनेजरना विचारायला गेले.

"मॅडम, तुम्हीच रिपोर्ट केलं ना? ॲक्शन घेतली," ते म्हणाले.

त्यानंतर साइटवर माझ्याशी कामापुरतंही कोणी बोलेना. मी दिसले की गप्पा थांबायच्या, हेल्मेटचे पट्टे लागायचे. जेवणाच्या शेडमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नसे. माझं घर जळगावला, साक्रीत भाड्याची एक खोली. एकदा आठवडे बाजारात भाजीवाल्या अक्कांनी विचारलं, बरी आहेस ना पोरी? किती दिवसांनी कोणीतरी हे विचारत होतं. गरज नसताना मी अर्धा किलो वांगी जास्त घेतली.

रजिस्टर दोन महिने कोरं राहिलं. शून्य निअर मिस म्हणून हेड ऑफिसकडून कौतुकाचा मेल आला. नानांचा बूम जिथे तारेजवळ गेला होता, त्याच वळणावरून क्रेन आणि ट्रेलर रोज जात होते. तो मेल वाचून मला भीती वाटली.

मी पुन्हा मॅनेजरकडे गेले. निअर मिसच्या फॉर्मवरचा नावाचा रकाना काढा आणि नानांना परत बोलवा, असं सांगितलं. शिस्त राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

"सर, शून्य म्हणजे काही घडत नाही असं नाही. मला कोणी सांगत नाही."

 शेवटी ते रकाना काढायला तयार झाले. नाना येत असतील तर येऊ देत, म्हणाले.

रविवारी मी बसने पिंपळनेरला गेले. नाना ओट्यावर बसले होते. त्यांच्या बायकोने चहा दिला, नानांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. मी माफी मागितली. तुमचं नाव लिहायला नको होतं, असं मी म्हणाले.  मग नानांनी विचारलं, त्या वळणावर बूमकडे बघून इशारा देणारा सिग्नलमन होता का? नव्हता, मी म्हणाले.

"मंग ते लिखाले पाहिजे व्हतं."



बुधवारी नाना कामावर आले. काम सुरू होण्याआधी सगळ्यांना सूचना द्यायच्या असतात, तेव्हा ते स्वतःच उभे राहिले. "मना बूम याना पहिले बी दोनदा तारना जोडे गयथा. कोनलेच सांगं नही." याआधीही दोनदा बूम तारेजवळ गेला होता आणि त्यांनी ते लपवलं होतं. कोणी हसलं नाही.

बिननावाच्या चिठ्ठ्यांसाठी मी एक पेटी ठेवली होती, आठवडाभरात तिच्यात सात चिठ्ठ्या पडल्या. पाच त्याच वळणाच्या, सगळ्या दुपारच्या. उन्हाने तारांना झोळ पडतो, त्या आणखी खाली येतात. चिठ्ठ्या घेऊन आम्ही वीज कार्यालयात गेलो. महिन्याभरात तिथे उंच पोल लागले. आम्ही तारेच्या अलीकडे-पलीकडे खांब रोवून झेंड्यांची आडवी दोरी बांधली. उंच गाडी आधी दोरीला लागते, तारेपर्यंत पोचत नाही. सिग्नलमनही नेमला. काम संपेपर्यंत त्या वळणावर अपघात झाला नाही. लोक मला चिठ्ठ्या देत, पण गप्पांना बोलवत नसत.

आता मी दुसऱ्या साइटवर आहे. पहिल्याच दिवशी तिथलं रजिस्टर उघडलं, तर वर्षभर कोरं. मॅनेजर अभिमानाने बघत होते. त्यांना मी एवढंच विचारलं, की रजिस्टरमध्ये नाव आलं म्हणून शेवटचा माणूस कामावरून कधी काढलात?