दातांनी ऐकणारे काका

नवी फळी आली की काका आधी चूळ भरायचे. मग स्वर जुळवायचा दोन पात्यांचा नादकाटा वाजवून फळीवर टेकवायचे, तिची कड पुढच्या दातांत धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "हिला पोट नाही रे," म्हणायचे, "हाडच बघायला हवं."

पोट नसलेली म्हणजे विजेवरची गिटार. मांडीवर आडवी घेऊन वाजवतात ती. आतून भरीव, सगळी एका लाकडाची. बालीगंजच्या घरांतून ती शिकणाऱ्या मुली तुम्हीही त्या काळी पाहिल्या असतील. काका जन्माने कलकत्त्याचे. मराठी बोलताना मध्येच थांबून शब्द शोधायचे. मी कुडाळकडचा, सातवीत शाळा सुटलेला. कलकत्त्यातल्या आपल्या गिटारींच्या दुकानात ठेवताना त्यांनी मला इंग्रजी येतं का, हे विचारलंच नाही. आज ना उद्या विचारतील, या धास्तीनं मला घास गोड लागत नसे. पण सुट्या भागांचे खोके आले की तेच पुढे होऊन वरची अक्षरं मोठ्यानं वाचायचे. "चष्म्याला व्यायाम हवा," म्हणायचे.

पुढे बाहेरची महोगनी येईनाशी झाली. खिदिरपूरला मोडीत निघालेल्या बोटींच्या दारांवर काही दिवस भागवलं, मग तीही संपली. साग मांडीला जड. शिवणीचं लाकूड हलकं, पण काकांच्या मते स्वर लवकर सोडणारं. आमच्याकडे पाट फणसाचे असतात, म्हणून मी भीत भीत फणस सुचवला. "त्यावर बसून जेवायचं असतं," म्हणून ते हसले. मग फळी दातांत धरली आणि बराच वेळ हललेच नाहीत.

"हिच्यात स्वर थांबतो," म्हणाले. "ठरलं."

ती पहिली गिटार ऐकायला एक शिकवणाऱ्या बाई आल्या, विद्यार्थिनींना घेऊन. त्यांना पसंत पडली तर सगळा वर्ग आमचा, नाहीतर दुकानाला टाळं. काकांनी वाजवायला घेतलं आणि कर्ण्यातून अशी घरघर निघाली की स्वर कुठे ऐकूच येईना. काका मात्र डोळे मिटून डोलत होते. "काय गोड आहे, बघा," म्हणाले. मुलींनी तोंडाला पदर लावले. काकांना ते कौतुक वाटलं असावं. त्यांनी आणखी वाजवलं. माझी मान वर होईना.

शेवटी मी पुढे झालो. "कर्ण्याची तार मी उलटी जोडली, काका," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. जोडली होती त्यांनीच. मी ती सरळ केली, घरघर थांबली आणि फणस बोलू लागला. बाई खूश झाल्या. पण घरघर थांबली की नाही हे कळायला काका माझ्या तोंडाकडे बघत होते. ती नजर मला अजून सोसत नाही.

सगळे गेल्यावर ते कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

"केव्हापासून ठाऊक आहे तुला?"

"बरेच दिवस झाले."

"मलाही तुझं ठाऊक आहे. पहिलाच खोका तू उलटा धरला होतास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोक्यावरची अक्षरं गिरवायला लावली. मीही, फळी कशी बोलते ते, त्यांना ओठ दिसतील असं त्यांच्याकडे तोंड करून सांगू लागलो.

काका जाऊन आता बराच काळ झाला. खोके मीच वाचतो, मोठ्यानं. आणि नवी फळी आली की कानाशी नेण्याआधी माझा हात आपोआप वर जातो. फळीची कड शेजारी, त्यांच्या तोंडाच्या उंचीला, क्षणभर धरलेली असते.