मी न हलवलेलं पान

तुम्हाला सांगतोय ते माझ्या बायकोलाही माहीत नाही. चार वर्षं झाली. सांगायला तोंड उघडलं की जीभ भलतीकडंच वळते — आजही वळेल कदाचित.

मी वेबसाइटी बनवतो. इथल्या एका खासगी दवाखान्याच्या डायलिसिस विभागासाठी आम्ही वेळा ठरवायचं ॲप केलं होतं. कुणाची वेळ बदलली की पेशंटच्या मोबाइलवर मेसेज जायचा. मेसेज पाठवणारी सेवा दुसऱ्या कंपनीची. आमचा कोड फक्त तिला तसं कळवायचा. हे कळवणं मी प्रत्येक पानात वेगळं लिहिलं होतं — इथलं उचललं, तिथं चिकटवलं. आणि मेसेज गेला नाही तरी पडद्यावर ‘मेसेज पाठवला’ असंच दिसायचं. का? तर ॲप दाखवायच्या दिवशी डॉक्टरांपुढं लाल अक्षरं नकोत म्हणून. नंतर काढू, म्हटलं होतं.

वंदना माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मुकुंदवाडीची, घरात नोकरी करणारी एकटीच. माझ्याहून हुशार — हे मला तेव्हाही कळत होतं, आणि सलत होतं.

“दादा, बाहेरच्या सेवांचं सगळं एकाच फाईलीत आणू,” ती म्हणाली. “एखाद्या सेवेचा इंटरनेटवरचा पत्ता बदलला तर एकाच जागी हात लावायचा. अन् फसलं तर फसलं असं दिसू द्यायचं.”

बरोबरच होतं की. पण ते मला सुचलं नव्हतं ना! तिनं एकेक पान त्या एका फाईलीवर हलवायला घेतलं. वेळ बदलायचं पान तेवढं राहिलं, तेव्हा मी म्हणालो, ते माझं आहे, मीच करतो. केलं नाही. आळस म्हणू? नाही — तिच्या पद्धतीनं करायचं जिवावर आलं होतं.

मग त्या मेसेजवाल्या कंपनीनं आपल्या सेवेचा पत्ता बदलला. वंदनानं तिच्या फाईलीत नवा पत्ता घातला आणि मला विचारलं, “दादा, तुमचं पान हलवलं ना?”

“हो,” मी म्हणालो.

एवढंच. माझ्या पानात जुनाच पत्ता होता. चहा पीत होतो मी. वर बघितलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी मशीन दुरुस्तीला होत्या, म्हणून गुरुवारच्या पेशंटना बुधवारी बोलावलं होतं. बाकीचे जवळचे, त्यांना सिस्टरनी फोनही केले. पैठणच्या एका काकूंचा फोन लागला नाही, पण पडद्यावर ‘मेसेज पाठवला’ होतं. काकू गुरुवारी एसटीनं आल्या, बंद दार बघून परत गेल्या. शुक्रवारी त्यांना धाप लागली. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेल्या.

त्यांचे मालक नंतर काउंटरवर आले. भांडले नाहीत. मोबाइल पुढं धरून म्हणत राहिले, “बघा की, एक बी मेसेज नाय आला. आला असता तर आणलंच असतं की मी तिला.”

दवाखान्यातून आमच्या साहेबांना फोन आला. ते विचारायला येईपर्यंत मी ते पान हलवून ठेवलं होतं. वीस मिनिटांचं काम निघालं. साहेबांनी विचारलं, पत्ता कुणी बदलला? वंदना म्हणाली, मी. कुठल्या पानात काय कधी बदललं याची नोंद संगणकात असते. ती कुणी उघडलीच नाही. तिनं माझ्याकडं बघितलं — संशयानं नव्हे हो, घाबरून. आपल्याच हातून दादांचं पान बिघडलं, असं तिला वाटलं होतं. मी म्हणालो, “होतं माणसाकडून, साहेब.”

तिला त्याच दिवशी काढलं. कुठल्या तोंडानं मी तिची पिशवी जिन्यापर्यंत नेऊन दिली?

गेल्या महिन्यात ती शहागंजात भेटली, कापडाच्या दुकानात. कामाला आहे तिथं. संगणकाला पुन्हा हात लावला नाही, म्हणाली; भीती वाटते. मग माझ्या पिशवीत कापड भरता भरता हळूच म्हणाली, “त्या काकू रोज आठवतात. पण दादा, त्या दिवशी तुम्ही एकट्यानंच माझी बाजू घेतली होती.”

तिचे डोळे भरले होते. मी पिशवी घेतली आणि बाहेर पडलो. चूक माझी होती, हे तिला अजून माहीत नाही.