दोन इंचांच्या खालचं फूल

कोणत्याही गोष्टीचं माप ठरवून, कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. चाकणच्या कंपनीत क्वालिटी खात्यात पंचवीस वर्षं काढली की हा आजार जडतोच. गेटसमोरच्या लॉनचं सूचनापत्रही माझंच: दर शनिवारी कापणी, उंची दोन इंच. कोणी गवत कापायच्या मशीनचं पातं खालीवर करू नये म्हणून मी त्याला वेल्डिंगसुद्धा मारून घेतलं होतं!

बारा वर्षं निघोज्याचे माळीकाका ठेक्यावर तसंच कापत आले. मग एकदा मोठ्या साहेबांना लॉनभर पिवळे ठिपके दिसले. एकदांडी. रस्त्याकडेला कुठेही उगवणारं तण. त्याचं फूल लांब, सरळ दांड्यावर ऐटीत उभं असतं. आमच्या लॉनवर मात्र ते चोरासारखं गवतात दबा धरून बसलेलं.

"काका नुसतं मशीन फिरवून आणतात," साहेब म्हणाले. "दोन महिन्यांनी ठेका संपतोय. नवा माणूस बघा."

काकांनी मला स्टोअरमागे गाठलं. "मी कापतो ओ, साहेब. पातं वरनं जातं आन् ते खाली बसून हसतंय. या वयात मला दुसरं कोन ठेवणार? तुमी पट्टी लावून बघा की."

पट्टी म्हटलं की मी विरघळतो. शनिवारी कापणी झाल्यावर लॉनवर चक्क पालथा पडलो. सिक्युरिटीवाला धावत आला, "भाऊ, चक्कर आली का?" त्याला हाकललं आणि मोजायला लागलो. सव्वा इंच. दीड इंच. एकही फूल दोन इंचांच्या वर नाही! आणि कंपाउंडबाहेर हीच एकदांडी वीतभर दांड्यावर डोलत होती.

आकडे सांगितले तर साहेब हसले. "राव, रोज केस कापले तर तुमचेही आखूडच दिसतील. न कापता वाढवून दाखवा."

शंका अगदी रास्त होती. मी आतल्या आणि बाहेरच्या झाडांच्या बिया वेचल्या आणि मोशीला घरच्या गॅलरीत सहा कुंड्या मांडल्या. माती तीच, पाणी तेवढंच, प्रत्येक कुंडीला नंबर.

"लोक गुलाब लावतात," बायको म्हणाली. "आमच्याकडे तण, तेही रोल नंबर देऊन!"

सहा-सात आठवड्यांनी फुलं आली. बाहेरच्या बियांचे दांडे वीतभर. लॉनवाल्या तीन कुंड्यांपैकी एक नाठाळ निघाली, बरीच उंच गेली. पण उरलेल्या दोघींनी मातीपासून जेमतेम दीड इंचावर फूल उघडलं. डोक्यावर पातं नव्हतं, शनिवार नव्हता, तरी मान खालीच! मी गॅलरीतच टाळ्या वाजवल्या. बारा वर्षं दर शनिवारी उंच दांड्यांची मुंडकी बी धरायच्या आत उडत होती, आणि जी बुटकी जन्मली तिचंच बी वाऱ्यावर जात होतं. डोकं नाही, डोळे नाहीत, आणि या तणाने माझा कागद आमच्या कोणत्याही ऑपरेटरपेक्षा काटेकोर पाळला होता.

ठेका संपायला चार दिवस असताना सकाळच्या मीटिंगमध्ये सहाही कुंड्या टेबलावर मांडल्या. म्हटलं, "काकांनी कामचुकारपणा केलेला नाही. त्यांनी माझी सूचना बारा वर्षं तंतोतंत पाळली. हे बुटकं वाण मी तयार केलंय. चूक माझी."

साहेब कुंड्यांवर वाकले. नाठाळ कुंडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही?"

"तिच्यात अजून जुनं रक्त आहे, साहेब."

मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या काकांना आत बोलावलं. "नवा माणूस आणला तरी फुलं राहणारच. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

काकांनी एक बुटकं झाड बोटांनी हलवून उपटलं. खाली मुळांचा हा एवढा झुपका.

"याला मशीन न्हाई चालत. पावसाळ्यात माती मऊ असती, तवा खुरप्यानं काढाय पायजे. दोन बाया द्या जोडीला. आन् पात्याचं वेल्डिंग तोडा, मी ठरवतो उंची."

साहेबांनी काकांच्या नव्या ठेक्याच्या कागदावर सही केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वेल्डर तुम्ही बोलवा."